तीनशे अठरा आवाज

ब्रह्मपुरी,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय लालसूभाऊ,

जय सेवा. जय भीम.

कसे आहात? वहिनींचा गुडघा बरा आहे का? इकडे धानाची कापणी सुरू आहे. आई सकाळपासून शेतात आणि मी मागच्या खोलीत, त्याच टेबलाशी. तीन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. फोन करणार होते; पण फोनवर तुम्ही "राहू दे" म्हणाल आणि मी लगेच राहू देईन, म्हणून कागद.

आधी बातमी. माडिया बोली ऐकून लिहिणारा आपला प्रोग्राम अजून सगळ्यांसाठी फुकट आणि खुला आहे. आता ठिकठिकाणचे वीसेक जण त्यात सुधारणा करतात. सुधारणा झाली की म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंग त्याला ऐकवायची आणि तो बरोबर लिहितो का ते तपासायचं, ही पद्धत तुमचीच. पण ती रेकॉर्डिंग आणि तपासणीचे निकाल माझ्या घरच्या एकाच कम्प्युटरवर होते. लाईन गेली की सगळ्यांचं काम बंद. म्हणून या महिन्यात सारं क्लाऊडवर हलवलं. तिथं जागा लागेल तशी वाढवता येते, काही पुसावं लागत नाही.

पुसणं. शब्द लिहिलाच आहे, तर पुढचंही लिहिते.

हलवताना जुन्या याद्या जुळवल्या, त्यात एक नोंद सापडली. १४ जून २०२२, दुपार, तीनशे अठरा फाईली पुसल्या. पुसणारी संघप्रिया. डिस्क भरली होती, म्हणून सहा महिन्यांत तपासलेली नाही ती फाईल काढ, असा हुकूम कम्प्युटरला मीच दिला होता. तुमच्या गावांची रेकॉर्डिंग तर नुकतीच आलेली, एकदाही तपासली नव्हती. सगळी गेली.

"सापडली" हेही पूर्ण खरं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. चंद्रपूरच्या प्रवीणनं ग्रुपवर विचारलं, "लालसूनं फाईली पाठवल्याच नाई का?" तुम्ही लिहिलं, "पेन ड्राइव्ह मी संघप्रियाच्या हातात दिला." आणि मी लिहिलं, "मले आठवत नाई."

मला आठवत होतं. तुम्ही बसनं आलात, मी फाईली उतरवून घेतल्या, पुढच्या रेकॉर्डिंगसाठी ड्राइव्ह रिकामा करून दिला. आईनं तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माझ्या त्या उत्तराच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ग्रुप सोडलात आणि मी थांबवलं नाही.

परवा आईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती थांबली. "तीन वर्सं त्या माणसाले खोटं पाडलं तू? मग माह्याशी काऊन बोलून राह्यली? त्याच्याशी बोल."

काल प्रकल्पाच्या पानावर, सगळे वाचतात तिथं, हे माझ्या नावानं लिहिलं. ती भरलेली डिस्क मी पुढं बदलली होती; जुनी प्रवीणकडे पडून होती. तिच्यातून दोनशे तीन रेकॉर्डिंग परत निघाली. ती क्लाऊडवर चढवलीत, गोळा करणारा म्हणून तुमचं नाव घालून. एकशे पंधरा माणसांचे आवाज निघाले नाहीत. त्यांची यादी सोबत आहे.

परत या म्हणायचा मला हक्क नाही. तुम्ही खरं बोलत होता, हे माझ्या अक्षरात तुमच्यापाशी असावं.

तुमच्याशी खोटं वागलेली, तरी तुमचीच,
संघप्रिया

*

हेमलकसा,
२८ नोव्हेंबर

संघप्रिया,

जय सेवा. पत्र दोनदा वाचलं, तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. तिचा गुडघा तसाच आहे.

फाईली गेल्याचा राग नव्हता. मशीन आहे, होतं. पण गावात म्हातारे विचारायचे, "गुरुजी, आमचा आवाज कुठी गेला?" मी सांगायचो, माझ्याकडून हरवला. तुझं नाव घेतलं नाही. आणि खरं सांगू? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की मीच रिकामा पेन ड्राइव्ह दिला असेल. ते दिवस वाईट गेले.

यादी घेऊन आठ दिवस फिरलो. एकशे सहा जण आहेत, पुन्हा बोलायला तयार आहेत. नऊ जण गेले. त्यांच्या वतीनं मी तुला माफ करू शकत नाही, ते माझं काम नाही.

रेकॉर्डर घेऊन ये. आधी त्या नऊ घरी जाऊ. तू तुझ्या तोंडानं सांग, माडियात मी सांगतो. कोणी रागावलं तर ऐकून घे. मी तुझ्या शेजारी बसून राहीन.

तुझा भाऊ,
लालसू