पाइनवरची अक्षरं

४ जून
आले एकदाची घरी, उत्तरेकडच्या आमच्या गावी! स्टेशनवर बाबा हात खिशात घालून उभे होते. लिस्बनमध्ये पाच महिने शिकून मला भेटताना गालाला गाल लावायची खोड लागलीय. सवयीने पुढे झाले, तर बाबा असे आक्रसले की जणू मी त्यांचा खिसा कापतेय. मग आम्ही दोघं हसलो, म्हणजे मी हसले. गाडीत अखंड बडबड माझीच. आपल्या घराकडे वळतो तिथल्या मोठ्या पाइनच्या खालच्या फांद्या कुणीतरी छाटल्यात, विजेच्या तारांसाठी असेल. संध्याकाळी पाचला जेवण! तिकडे पाचला दुपारसुद्धा संपत नाही. पण सॅमनचं सूप आणि काळा पाव पोटभर खाल्ला. वरची माझी खोली जशीच्या तशी, चादरसुद्धा माझीच. हेल्वी आत्या मात्र दिसली नाही. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, आणि हिवाळाभर ती आजारी होती. विचारलं तर बाबा म्हणाले, उद्या बोलू. इस्पितळात असणार. तिच्यासाठी निळ्या नक्षीची फरशी आणलीय.

५ जून
सकाळी फिरत पाइनपाशी गेले. साल सोलून खोडावर कोरलंय: हे. क. खाली मार्चमधली तारीख.

अशा झाडाचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मयत नेताना वाटेत थांबून झाड छाटतात, त्यावर मेलेल्याच्या नावाची अक्षरं कोरतात. मेलेलं माणूस घराकडे परतायला निघालं की झाडावर आपली अक्षरं वाचतं, आपण मेलोय हे त्याला आठवतं आणि ते मागे फिरतं. माझी आत्या गेली हे मला झाडाकडून कळलं.

बाबांना जाब विचारला. म्हणाले, "परीक्षा होती तुझी. येऊन काय करणार होतीस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

७ जून
बसमध्ये शेजारच्या बाईला हवापाण्याचं विचारलं, तर ती उठून मागे जाऊन बसली. विसरलेच होते मी, इथे असं बोलत नाहीत.

शेजारचे आल्पोकाकाही तसेच घुमे, पण आज त्यांच्याकडून कळलं की आत्या शेवटी घरात नव्हतीच. तळ्याकाठच्या साउनात, म्हणजे वाफ घेऊन न्हायच्या आमच्या लाकडी खोपटात, वाफेच्या खोलीबाहेरच्या बाकावर पडून असायची. तिथेच गेली. तळं गोठलेलं, बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि वर माझी ऊबदार खोली रिकामी! सख्खी बहीण ना ती? बाबांना कारण विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. मला रडू येत नाही, राग येतो.

९ जून
केलं. छिन्नी-हातोडी घेऊन गेले आणि अक्षरं खरवडून काढली. एकही रेघ ठेवली नाही. मग दफनभूमीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "आत्या, घरी ये. ज्याच्यामुळे तू बाहेर मेलीस त्याला गाठ." लिस्बनच्या मैत्रिणी हसल्या असत्या. मला मात्र बरं वाटलं. सडकून भूकसुद्धा लागली.

१२ जून
भर दुपारी साउनाच्या धुराड्यातून धूर. शेगडी कुणीच पेटवली नव्हती. आत बाक ओला, वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी ओली. बाहेर फळीवर ओली पावलं, डावा पाय ओढत गेल्यासारखी. आत्या डावा पाय ओढायची. बाबांनी ती पाहिली. जेवले नाहीत. खाई त्याला खवखवे! मी दोनदा सूप घेतलं.

१४ जून
पावलं आता ओट्यापर्यंत. बाबांनी विचारलं, पाइनला हात लावलास का. छाती पुढे काढून हो म्हटलं. वाटलं ओरडतील, पण माझी कीव आल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, बॅग भर, उद्याच्या गाडीने परत जा. आत्या त्यांना गाठते ते मी बघायला नको, म्हणून. नाही जाणार.

१५ जून
पावलं घरात. बाबांचं दार सताड उघडं, बाबा आत खुर्चीत. पावलं तिथे थांबलीसुद्धा नाहीत. सरळ जिन्यापर्यंत. जिना फक्त माझ्या खोलीकडे —

दुपारी
बाबा बोलले अखेर. जानेवारीत त्यांनी फोनवर विचारलं होतं, आत्याला वर तुझ्या खोलीत झोपवू का, तिथे ऊब असते. मी कुठल्यातरी पार्टीत होते. म्हटलं होतं, "माझ्या खोलीत कुणी नको हं. आजाऱ्याचा वास जात नाही." आत्या शेजारीच बसून ऐकत होती. मला आठवतसुद्धा नव्हतं.

बाबांनी आपली खाट देऊ केली. तिने ऐकलं नाही, स्वतःच गादी उचलली. वास येतो ना, मग साउनातच बरी, म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, पोर परत आली की येईन.

"झाड मी तुझ्यासाठी छाटलं होतं," बाबा म्हणाले. छिन्नी घेऊन पाइनकडे धावलेत, अक्षरं पुन्हा कोरायला.

जिन्यावर कुणीतरी — डावा पाय ओढत. लख्ख उजेड आहे, आणि दिसत काहीच नाही, फक्त पायरी-पायरीवर पाणी —

दार लावलंय. पाइनकडून ठोके ऐकू येतात. बाबा, लवकर —

चादर ओली. शेजारची उशी दबली. बर्चचा वास — आणि त्याखाली दुसरा —

विचारतेय, वास येतोय का, पोरी. नाही म्हटलं. नाही गं आत्या, अजिबात ना —