बाबांचा राता

१२ जानेवारी १९८७, वाशी
आज दिसलं. पानाच्या दुसऱ्या तुकड्यातही दिसलं, तेव्हा कुठे सरांना हाक मारली.
करप्याची बुरशी बाबांच्या रात्यात शिरते खरी, पण पहिल्याच पेशीत अडकते. जिच्यात घुसली ती पेशी तपकिरी पडून मरते, आणि बुरशी तिथेच संपते. शेजारच्या पेशी शाबूत. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणात हीच बया दोन दिवसांत या पेशीतून त्या पेशीत फिरते, गणपतीत आरत्यांना घरोघरी फिरावं तशी.
सर म्हणाले, "हा भात कुठला?"
आमच्या खाडीकडचा, म्हटलं. खाऱ्या जमिनीतला लाल भात. राता म्हणतात. माझे वडील लावायचे.
"लावायचे" हे जपून म्हटलं. बाबांना जाऊन दोन महिने झाले, तरी तोंडात अजून "लावतात"च येतं.

१५ जाने.
सरांचा धोशा सुरू. एकदा दिसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, पावसाळ्यात लावून बघा, दुसऱ्या वाणाशी संकर करा, बी आणा. मी आणलेलं मूठभर होतं. ते रुजवलं आणि रोपं कापून कापून काचेखाली गेली. कुंड्यांत नुसती माती.
घरी पेंढ्यात बांधलेला मुडा आहे म्हणा. एवढ्या बियाण्यात अर्धी वाशी पेरता येईल.

१८ जाने., रविवार
घरी जाऊन आले. शेतावर मुरूम पडलाय. सरकारने जमीन घेतली त्याला वर्षं झाली, पण बाबा दरवर्षी पेरत राहिले. "येतील तवा येतील," म्हणायचे. ते गेले आणि डंपर आले. बांध कुठला, आपला कोपरा कुठला, काही कळेना.
मुडा आढ्याला आहे. शेवटच्या कापणीनंतर बाबांनीच पेंढ्यात आवळून टांगलेला. उतरवायला स्टुलावर चढले आणि तशीच खाली आले. गाठ त्यांच्या हातची आहे. पुढच्या खेपेला नेईन. आईला बजावलं, यातलं कोणाला देऊ नकोस, मला लागणार आहे. "नाय गो बाय, कोनाला देतंय?" म्हणाली.

१ फेब्रु.
आई हॉस्टेलवर आली. दादाने टेम्पोतून आणून सोडली. सोबत पिठाचे डबे, फडक्यात भाकऱ्या. लालसर.
"तुजं तोंड बग कसं झालंय. ते मेसचं काय खातंस? तू म्हनालीस ना मना लागनार, आख्खा मुडा गिरनीत नेला. पीठ करून आनलाय. बापाचा भात बाहेरच्यांनी कशाला खावा?"
"आणि बी?"
"बी कशाला? शेत हाय का आता?"
ती समोर बसून होती, म्हणून भाकरी खाल्ली. चवीला गोड, बाबांच्या भाताची. रडू आवरेना, तर पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बापाची आठवन येते ना? रड."
ती गेल्यावर सगळं पीठ चाळून पाहिलं. वेडेपणा. पिठात काय उगवणार.

३ फेब्रु.
सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सगळं?"
सगळं.
"आईंना काही बोलू नका."
हे त्यांनी सांगायला नको होतं. राग येतोय. डंपरवाल्याचा येतो, सरांचा येतो, स्टुलाचासुद्धा येतो. आईचा तेवढा येत नाही.

८ फेब्रु.
घरी. आढ्याखालची जमीन, कणगीची फट, खळ्याचा कोपरा, सगळं झाडून काढलं. उंदरांनी नुसती टरफलं ठेवलीत. आईला सांगितलं, कानातलं हरवलंय. तीही बिचारी कंबर धरून शोधायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
खाडीपलीकडे आत्या असते. बाबा आणि ती एकमेकांचं बी बदलून घ्यायचे. तिच्याकडे असेल का? दादाकरवी निरोप धाडलाय. पण तिकडेही हल्ली मिठागरंच...

१६ फेब्रु.
कामात लक्ष नाही. तीच काच परत परत लावते. मेलेली पेशी आणि भोवतीच्या धडधाकट. बाबांचं एवढंच उरलंय माझ्याकडे, काचेवर चिकटवलेलं. ते पेरता येत नाही.

२२ फेब्रु.
आई प्रयोगशाळेत. स्वतःच हट्ट धरला, "तू दिवसभर काय बगतंस ते मना दाखव." सूक्ष्मदर्शकाशी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. मग दिसलं तिला.
"ह्यो काला डाग?"
"ती पेशी मेली. ती मेली म्हणून रोग पुढे गेला नाही. पान वाचलं."
तिने परत डोळा लावला.
"म्हंजे करपा आला तरी तुज्या बापाचा भात मरनार नाय?"
"नाही."
"मंग तुला ह्यो पेराचा व्हता."
विचारलं नाही तिने, नुसतं म्हणाली. हळूच मागे सरकून स्टुलावर बसली. पदराचा बोळा तोंडाशी. "मी दलून टाकला. शेत त्यांनी घेतला, भात मीच मारला गो बाय."
"नाही गं. थोडं बी मी आधीच काढून ठेवलंय."
निघून गेलं तोंडातून.
"खरा?"
"खरंच."
केवढं हसली. बाबा गेल्यापासून अशी हसली नव्हती. जाताना दाराशी शिपायाला थांबवून सांगत होती, आमच्या धन्याचा भात हितं जिता हाय.
आत्याकडून अजून निरोप नाही. "पावसाला पेरशील तवा मना बोलव, मी येतंय लावाला," असं आई सांगून गेलीय.