बहिरीच्या नावाची हाक

माय, तुला ऐकू येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे आपल्या दोघींची थट्टाच आहे. मी बोलते, नात लिहिते. मधेच थांबून ती विचारते, "आजी, ह्ये असंच लिव्हू?" लिही म्हणते, वाचणारी कुठं रुसायला बसलीय.

गोदेचा तो पूर आठवतोय. आपलं गाव उमापूरच्या अलीकडं, पार काठाला. पाणी ओसरलं तेव्हा घरांचा चिखल झाला होता आणि सगळं गाव चढावरच्या देवळात येऊन राहिलं होतं. निजाम सरकारची ज्वारी यायची. कारकून ओट्यावर बसून नाव पुकारायचा, ज्याचं त्यानं "जी" म्हणून पुढं व्हायचं, पदर पसरायचा. ज्याचा "जी" येणार नाही त्याचं माप मागं राहायचं. तुझं नाव आलं की तो नुसता ओरडत सुटायचा. बहिऱ्याला मोठ्यानं हाक मारायची ही आपल्या मुलखाची रीतच, जणू बहिरेपण म्हणजे आळस.

तुझ्या वतीनं मी "जी" म्हणायचे. कळायला लागल्यापासून तुझे कान मीच. बाप गेल्यावर आपल्या घरात आवाज असा उरला नव्हता, पण गप्पा काय कमी होत्या? हातांच्या बोलीत अर्ध्या गावाच्या चहाड्या व्हायच्या. पाटलीणबाईची चाल तू दोन बोटांवर अशी काढायचीस की मी हसून लोळायचे.

त्याच दिवसांत माझा सासरा मला न्यायला आला. लग्न लहानपणीच झालेलं, नांदायला जायचं तेवढं राहिलेलं. "पोरीला चिखलात कावून ठिवता? आमचं घर उभं हाय," तो म्हणाला. मी देवळाचा खांब धरून बसले. "म्या न्हाई येत. हिचं माप कोन घेईल?" तू सगळं बघत होतीस. उठलीस आणि माझी बोटं एकेक करून खांबावरनं सोडवलीस. लई राग होता तुझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी पुकारा सुरू झाला तर तू माझ्याजवळ नाहीस. कोपऱ्यात एक आंधळी म्हातारी बसायची. तिच्या बडबडीला कंटाळून लोक जागा बदलायचे, आणि चिखलातून ओट्यापर्यंत तिला न्यायला कोणी नसायचं. तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून तू बसली होतीस. तुझं नाव आलं. मी तोंड उघडलं, तू डोळ्यांनीच दटावलंस. म्हातारीनं तुझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "जी, आलो आमी, जरा दम धर की." तू उठलीस, तिला हाताला धरून नेलंस.

कारकून म्हणाला, "दोघी मिळून एक बाई झाली."

"मंग मापं दोन घाल," म्हातारी म्हणाली, "खानारी तोंडं दोन हायत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तू मला मोकळं केलं होतंस आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. सासऱ्यामागं चालत निघाले, मागं पाहिलं तर म्हातारी बोलत होती आणि तू मान हलवत होतीस. इतकं गुणाचं ऐकणारं माणूस तिला जन्मात भेटलं नसावं. पुढं दोघींनी शेजारी शेजारी झोपड्या घातल्या. मी माहेरी आले की म्हातारीला माझा जरा हेवाच वाटायचा.

तुम्ही दोघीही कधीच्या गेलात. माझं घर भरलेलं आहे, माय, सुना-नातवंडांना बोलायला दिवस पुरत नाही. पण बोटांवर केलेली चहाडी कळेल असं एक माणूस या घरात नाही. तुझ्या म्हातारीलासुद्धा ती कधी दिसली नाही.

मघाशी नातीनं विचारलं, "आजी, ह्ये हातानं काय केलं?" म्हटलं, माशी हाकलली. तिनं मान्य केलं, गुणाची आहे.

माशी नव्हती. हेही लिही.