ताटीवरच्या कलिंगडाचा दगा

२ फेब्रुवारी
कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप नाही. अर्थशास्त्राच्या सरांशी वाजलं, नुकसान त्यांचं. आजपासून शेती. परसात वेल पसरायला जागा नाही असं वहिनी म्हणते, म्हणून कलिंगडं उभी वाढवणार. बांबूची ताटी, तिला जाळी, वेल सरळ वर. रोपं नर्सरीवालीच्या मुलीने स्वतः निवडून दिली. म्हणाली, अहो, मुळं सांभाळा. गिऱ्हाइकाला कोणी उगीच अहो म्हणत नाही.
पहिलं कलिंगड तिच्या हातात द्यायचं आणि तिथल्या तिथे विचारून टाकायचं. ठरलं.

९ फेब्रुवारी
वाऱ्याने ताटी आडवी. वरच्या खोलीतला भाडेकरू, बँकेतला चष्मिस, न विचारता खाली आला आणि खांब खोल पुरून गेला. याला बोलावलं कोणी?
उद्यापासून पहाटे उठणे.

१० फेब्रुवारी
उठलो नाही. पहाटे उठणारी माणसं आतल्या गाठीची असतात.

१८ मार्च
वेल डोक्यावर गेले. फुलं आली. नीट पाहिलं, तर काहींच्या मागे मण्याएवढं कलिंगड, बाकीची नुसती मिरवायला. आयतोबांना माझ्या ताटीवर थारा नाही. ती सगळी खुडली, गुच्छ बांधला, तिला नेऊन दिला. ती गुच्छाकडे बघतच राहिली. ओठ दाबून धरले होते. लाजली बिचारी. मग म्हणाली, रोज आणाल का?

२७ मार्च
रोज गुच्छ. ती फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. एवढं तर आईने माझं बारसंसुद्धा जपून केलं नसेल.
इकडे मण्याएवढी कलिंगडं पिवळी पडून गळताहेत. वहिनी म्हणते, "भावजी, तुमचा धाकच तसा." बियाणं बोगस असणार. पण ते नर्सरीवालीकडचं, म्हणून गप्प.

५ एप्रिल
एक टिकलं! लिंबाएवढं. मेहनत कधी वाया जात नाही. सरांना एक फोड पाठवावी म्हणतो.

१९ एप्रिल
आता चांगलं नारळाएवढं. वजनाने देठ ताणला होता. जुन्या ओढणीची झोळी करून फळ ताटीला टांगणार होतो. उठून बघतो तर टांगलेलं. वहिनीचंच काम. टोचून बोलते, पण मनाने चांगली आहे.
विचारताना कोणता शर्ट घालावा?

२३ एप्रिल
दगा.
दाढ ठणकली म्हणून पहाटे जाग आली. खिडकीतून पाहतो तर ताटीपाशी चष्मिस. हातात तिचा डबा. डब्यात माझी फुलं. माझं एकेक फूल घेऊन वेलावरच्या फुलांना लावत होता.
कॉलर धरली. तो शांतपणे सांगू लागला, ही नरफुलं. यांचा पराग मिळाल्याशिवाय फळ धरत नाही. तुम्ही सगळीच खुडता, म्हणून ती संध्याकाळी डबा माझ्याकडे देते. झोळीही त्यानेच बांधलेली. मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं?
"तीच म्हणाली, त्यांना सांगू नका, लगेच चिडतात."
मी चिडतो? आणि रोज संध्याकाळी हा तिला भेटतो कशाला? ते विचारल्यावर चष्मा पुसायला लागला.
माझ्या प्रेमाची फुलं, माझाच वेल, आणि हात याचा. असलं फळ मला नको. कात्रीने झोळी कापली. कलिंगड पायाच्या अंगठ्यावर.
डॉक्टरकडे चष्मिसनेच नेलं, खांद्याला धरून. संध्याकाळी ती आली. आधी परसात गेली. मग माझ्याकडे.

२४ एप्रिल
अंगठा वांग्यासारखा. फुटलेलं कलिंगड आतून पांढरंफटक. वहिनी म्हणाली, भावजी, पंधरा दिवस राग गिळला असतात तर लाल झालं असतं. तिने त्याची भाजी केली. शिवायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा मागून घेतली.
वहिनीने वरच्या खोलीसाठीही डबा भरला. न्यायला दुसरं कोणी घरात नव्हतं. भिंत धरत मीच जिना चढलो.
दार तिने उघडलं. आत तिची आई आणि चष्मिसचे आईवडील चहा पीत बसले होते. आमच्याच घरातल्या खोलीच्या दारात उभी राहून ती मला म्हणाली, "अहो, आत या ना. बसा."
बसलो. उभं राहवत नव्हतं.