एक जूनच्या आत

९ जानेवारी, सातारा
फाईल परत आली. तिसऱ्यांदा. या वेळची त्रुटी: 'विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला मूळ प्रतीत जोडलेला नाही.' जोडला होता. मीच टाचणी लावली होती. सांगलीहून मानेचा फोन, साहेब, वाद नको, परत एक काढा.
माने न्यायाधिकरणाचा शिरस्तेदार. त्या विश्रामबागेतल्या इमारतीत मी सदस्य म्हणून बसायचो, सरकारी नोकरांची गाऱ्हाणी ऐकायचो. माझी मुदत संपून सव्वा वर्ष झालं. नवा माणूस मिळेना, म्हणून जुन्यालाच करारावर परत घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे कागद सुरू झाले. अट एकच: नेमणुकीच्या दिवशी पासष्ट पूर्ण झालेली नसावीत. माझी १ जूनला होतात.
सौ. म्हणाली, एका सहीला पाच महिने म्हणजे पुष्कळ झाले की. हिने कधी सरकारी नोकरी केली नाही.

१७ जाने.
दाखला मिळाला. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, आपण कोण? सांगितलं. 'कोण' याचा पुरावा मागितला. बरोबर आहे. 'योग्य कागदपत्रांसह हजर राहावे' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल. लिहायला अर्धी ओळ लागते.

२ फेब्रुवारी
आज कपाट उघडून ती वही काढली. काढायची नाही असं ठरवलं होतं.
हसन तांबोळी, रा. मलकापूर. कालव्यावर पाटकरी. पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, दारं बंद करायची. तीस वर्षं केलं. निवृत्तीला तीन वर्षं असताना खात्यानं काढून टाकलं. का, तर शाळेत जन्मतारीख १ जून, आणि गावच्या जुन्या कोतवाल बुकात, जिथं कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा, तिथं दीड वर्ष आधीची नोंद. म्हणजे भरतीच्या वेळी वय जास्त होतं. म्हणजे फसवणूक. हुकमात शब्दच आहे तो, 'लबाडीने'.
आमच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनचा. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मास्तर शाळा सुरू व्हायच्या सोयीनं १ जून टाकून मोकळे. मी स्वतः १ जूनचा. सुनावणी पूर्ण झाली, निकाल हसनच्या बाजूनं लिहिला. एकतीस पानं. फक्त परिच्छेद २२ मनासारखा उतरत नव्हता. म्हटलं, सोमवारी सही करू.
शुक्रवारी दुपारी पत्र आलं, मुदतवाढ नाही, आजच कार्यभार सोडावा. मुदतवाढ मिळणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.
सही नाही, वाचून दाखवला नाही, म्हणजे तो निकाल नाही. नुसती वही आहे. दुसरा कुणी आला तर पहिल्यापासून ऐकणार; मीच परत बसलो तर एका सहीचं काम. एका परिच्छेदाच्या हौसेपायी मी त्या माणसाचं वाटोळं केलं.

११ फेब्रु.
चारित्र्य पडताळणी. एक हवालदार घरी आला. चांगला माणूस. ओशाळून विचारलं, "साहेब, तुमच्यावर गुन्हा-बिन्हा काय दाखल न्हाई न्हवं?" मग शेजारच्या जाधवांना विचारायला गेला. जाधव म्हणाले म्हणे, लय सज्जन, कुणाशी भांडण न्हाई, बोलणं बी न्हाई.
सौ. संध्याकाळपर्यंत हसत होती. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

६ मार्च
पडताळणी अहवाल सांगलीनं परत केला, उमेदवार राहणार सातारा. साताऱ्यानं परत केला, नेमणूक सांगली. आता तो दोन्हीच्या मध्ये कुठंतरी असेल. माने म्हणतो, हुडकतो.

१९ मार्च
सांगलीला गेलो. जायला नको होतं. माझ्या खोलीला कुलूप. बोर्डावर मानेच्या अक्षरात प्रकरणांचे नंबर आणि पुढं तारखा. सुनावणी नाही, फक्त तारीख. लोक येतात, बोर्ड वाचतात, जातात.
बाकावर हसनची बायको शमीमबाई. तो नव्हता. दम लागतो, एसटीत बसवत नाही. मला पाहून उठून उभी राहिली. मी नमस्कार करून पुढं जाणार, तर ती आडवी आली.
"साहेब, तुमी सगळं ऐकलंय. ते लबाड हायत का न्हाईत, एवढंच सांगा. कागद नगं. ते रात न् दिस तेवढंच इच्यारत्यात."
मला सांगता येत नाही. सांगितलं तर उद्या खातं म्हणेल, न्यायाधीश आधीच फितूर होता, आणि आहे ती केससुद्धा बुडेल. मी म्हणालो, "तारीख घेऊन जा." याहून हलकं वाक्य मी जन्मात बोललो नसेन.
येताना कराडपर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो. काही दिसलं नाही.

४ एप्रिल
अहवाल सापडला. मुंबईत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. ते टेबल रजेवर आहे.

२३ एप्रिल
वैद्यकीय दाखला जुना झाला, नवा आणा. आणला. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत, अजून दहा वर्षं काम कराल. मी म्हटलं, मला एकच दिवस करायचंय.

२ मे
मानेनं फोनवर सुचवलं. फार हळू बोलत होता. "साहेब, तुमची खरी तारीख कवाची? एक जून तर न्हाईच. कोतवाल बुकाचा उतारा काढला, त्यात तारीख पुढची निघाली, तर चार-पाच म्हैने मिळतील."
मी फोन ठेवला. मग दिवसभर तेच डोक्यात.

५ मे
माणदेशात, गावी. थोरली आक्का. डोळ्यांना दिसत नाही पण आठवण शाबूत.
"एक जून कसला रं? दिवाळी झाली हुती. मेंढरांचा तळ हलवायचा त्याच दिशी आईला कळा सुटल्या. दोन दिस मेंढरं थांबली तुझ्यापायी. आबा लय चिडला हुता."
तळ कुठल्या गावच्या शिवारात होता तेही तिनं सांगितलं. तहसीलच्या अभिलेखात गेलो. वाटलं होतं नसेल. फिरत्या मेंढपाळाचं पोर कोण लिहून ठेवतो? पण त्या कोतवालानं लिहिलं होतं. वडिलांचं नाव, जात, 'मुलगा', त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची तारीख, म्हणजे शाळेतल्या तारखेहून पाच महिने पुढची. आईचं नाव नाही.
इतकी वर्षं मला माझा वाढदिवस माहीत नव्हता. उभ्या उभ्या रडू आलं. कारकुनानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

८ मे
जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज पुढ्यात घेऊन बसलोय. सही होत नाही.
हसनच्या निकालात मी लिहिलंय, शाळेची तारीख एकदा मानली की मानली, तीस वर्षांनी खात्यानं कोतवाल बुक उकरू नये. आता मीच उकरतोय. आणि जन्मतारीख बदलून द्या म्हणणारे किती अर्ज मी खुर्चीवरून फेटाळले. एक मास्तर होते, निवृत्तीला महिना उरलेला. 'साहेब, आईनं मरताना सांगितलं हो.' मी मान खाली घालून लिहीत राहिलो.
सौ. म्हणाली, "तुमच्यासाठी करताय का त्याच्यासाठी?" त्याच्यासाठीच. पण प्रत्येक जण असंच म्हणतो.

९ मे
केली सही. पाठवला.

२७ मे
उत्तर आलं. इतक्या लवकर कधी काही आलं नव्हतं. अर्ज अमान्य. 'सेवेच्या अखेरीस जन्मतारखेत बदल मागता येत नाही. याबाबत सांगली न्यायाधिकरणाचाच निर्णय पाहावा.' खाली त्या निर्णयातला एक परिच्छेद जसाच्या तसा. त्या मास्तरांच्या प्रकरणातला. भाषा चांगली आहे, रेखीव. माझीच आहे.
सोबत दुसरा कागद. सेवापुस्तकातली तारीख खोटी असल्याचं आपणांस केव्हापासून माहीत होतं, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.
नेमणुकीची फाईल सहीला गेली होती म्हणे. या अर्जामुळे ती खाली उतरली. अर्ज केला नसता तर कदाचित... मानेला विचारलं. तो म्हणाला, साहेब, आधी खुलाशाचं बघा.

३० मे
जेवण नाही. सौ.शी बोलणं नाही. तिची काय चूक.

१ जून
सकाळपासून फोनवर शुभेच्छा. आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकाच दिवशी नऊ वाढदिवस. फोन बंद केला. वही पिशवीत घातली आणि कराडची गाडी धरली.
मलकापूर. हसन खाटेवर, उशीला टेकून. बोटं सुजलेली. उठायला लागला, मी खांदा धरून बसवलं. काही लपवायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सांगितलं, मी आता परत येणार नाही. वय झालं.
तो म्हणाला, "आज माझा बी वाढदिवस, साहेब. कागदावरचा."
दोघांनी चहा घेतला. मग मी वही काढली. म्हणालो, हा निकाल नाही. याला काही किंमत नाही. मी घरी लिहिलेलं आहे, एवढंच. आणि परिच्छेद २२ वाचला. 'मास्तरांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेली तारीख पोराच्या माथी लबाडी म्हणून मारता येणार नाही. तारीख लिहिली गेली तेव्हा त्याला लिहिताही येत नव्हतं.' तेव्हा मनासारखा उतरला नव्हता, आज त्यात काय कमी होतं तेच कळेना.
हसन तसाच टेकून. डोळे मिटलेले. वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "परत एकदा वाचा."
वाचला.
निघताना शमीमबाई दारापर्यंत आल्या. पुढची तारीख २१ जुलै, बोर्डावर बघून आल्यात. "तवा ह्ये पान घिऊन जाऊ का? कोण तरी नवीन साहेब असंल, त्याला दावीन."
मी चपलेचा पट्टा लावत होतो. लावून झाला तरी वाकूनच राहिलो. वही पिशवीत होती, पान फाडायला एक क्षण लागला असता, आणि ते खात्याच्या हाती पडलं तर केस बुडायलाही तेवढाच. त्या अजून दारात उभ्या होत्या.