ठेवतो की ठेवते

रविवार, १ सप्टेंबर

आज माइकसमोर जीभ अडखळली!

विश्वासाची कबुली मी सांगते, मंडळी मागून म्हणते – वर्षानुवर्षं हेच चाललंय. ‘मी देवावर विश्वास ठेवतो.’ आज नवीन स्पीकर बसवलेत. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याच कानात आला. बाईचा आवाज आणि ‘ठेवतो’. मी थांबले. मंडळी आपली पुढे म्हणत गेली. आगगाडीचं इंजिन थांबलं तरी डबे चाललेत, तसं.

पाळक नंतर म्हणाले, “घसा बसला का?”

म्हटलं, “नाही. मी बाई आहे, हे आत्ता लक्षात आलं.”

घरी येताना हे हसत होते. “ठेवतो काय, ठेवते काय. ठेवलं म्हणजे झालं!”

सोपं असतं ह्यांचं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

लॅबमध्ये आज नमुन्यांचा ढीग. नळीवर स्त्री की पुरुष लिहिलं नसेल, तर आम्ही रक्तसुद्धा पुढे पाठवत नाही. आणि देवापुढे तीस वर्षं मी पुरुष म्हणून उभी! पाळकांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांना आनंदाचं भरतंच आलं. तरुण आहेत. म्हणाले, उपासनेचं सगळं पुस्तकच तपासू. समिती नेमली लगेच – ते, मी आणि मोठे भाऊजी.

मोठे भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. सुतार. मंडळीचे सगळ्यात जुने पंच. चर्चमधली बाकं त्यांच्याच हातची.

झालं. हौस पाळकांची, जीव माझा.

शनिवार, ७ सप्टेंबर

पहिली बैठक. चर्चमागची खोली, एक पंखा, तोही कुरकुरणारा.

सुरुवात बरी झाली. ‘बंधूंनो’च्या जागी ‘बंधुभगिनींनो’ – मंजूर. ‘देवाचे पुत्र’ ऐवजी ‘देवाची लेकरं’ – हे तर भाऊजींनाच आवडलं. “ते लेकरू. ना तो, ना ती. भांडणच मिटलं!” कबुलीसाठी मी सुचवलं, ‘माझा देवावर विश्वास आहे.’ म्हणजे बाईनेही म्हणावं, पुरुषानेही. भाऊजींनी दोनदा पुटपुटून पाहिलं. “बसतंय. रंधा मारल्यासारखं गुळगुळीत बसतंय.” मला वाटलं, जिंकलो.

मग पाळक म्हणाले, “आता प्रार्थनेतलं ‘हे पित्या’. कधीतरी ‘हे आई’ म्हणायला काय हरकत आहे?”

भाऊजींनी पेन्सिल कानामागे खोचली. उठले. चप्पल घालून निघून गेले.

रविवार, ८ सप्टेंबर

बातमी माझ्याआधी चर्चमध्ये पोचली होती. माझ्या बाकावर नेहमी पाच जणी असतात. आज मी एकटी, ऐसपैस. मागून कुणीतरी म्हणालं, “आल्या बघा, देवाचं बाळंतपण करणाऱ्या.”

‘आई’ मी सुचवलंच नव्हतं. पण आता सांगत कुणाकुणाला बसू?

ह्यांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. “चर्च म्हणजे मंडळी आणि बायको म्हणजेही मंडळी. माझ्यावर दोन्ही मंडळी रागावलेल्या!” मला हसू आलं नाही. चहाही तसाच राहिला.

बुधवार, ११ सप्टेंबर

दमले. एवढंच.

शनिवार, १४ सप्टेंबर

शेवटी मीच गेले भाऊजींच्या कारखान्यात. दाराची चौकट चालली होती. जाऊबाई कडेला बसून पॉलिश पेपर घासत होत्या. ह्या बाईला मी जोरात बोलताना कधी ऐकलेलं नाही. विचारलं काही, तर नवऱ्याकडे बघतात.

म्हटलं, “भाऊजी, बोला तरी. शिव्या द्या हवं तर.”

रंधा थांबला नाही. “तू शिकलेली. तुला काय शिव्या देणार?”

“आई म्हटलं तर देव लहान होतो का?”

“लहान-मोठं नाही गं.” आता थांबले. हातातला भुसा झटकला. “ठेच लागली की माणूस ‘आई गं’ म्हणतो. साप दिसला की ‘बाप रे’! आमच्या घरात साप दिसला तेव्हा बाप नव्हता.”

मला समजेना. सासरे लवकर वारले, असंच मी लग्नापासून ऐकलेलं.

“वारले कसले? गेले. दुसरीकडे संसार थाटला. मी नऊ वर्षांचा. तुझा नवरा रांगत होता. आईने सांगितलं, विचारलं कुणी तर वारले म्हणायचं. मी म्हटलं. शाळेत म्हटलं, चर्चमध्ये म्हटलं. आणि रविवारी ‘हे आमच्या पित्या’ आलं ना, की आवाज चढवून म्हणायचो. एक तरी होता, ज्याला हाक मारता येत होती. आता म्हातारपणी तोही काढून घेताय?”

मी निघाले. जाऊबाई फाटकापर्यंत आल्या. काहीतरी बोलणार असं वाटलं. “सांभाळून जा,” एवढंच म्हणाल्या.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. कितीतरी वेळ दात घासत राहिले. मग म्हणाले, “मला कधी बोलला नाही तो.” तोंड धुतलं. “माझा बाप तोच होता म्हणून असेल.”

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाळकांना सांगितलं, ‘आई’ सोडून द्या. बाकीचं सगळं झालंय, तेवढ्यात समाधान मानू.

ते चिडले. प्रथमच. “आणि ज्यांचा बाप दारू पिऊन मारायचा, त्यांनी? त्यांना ‘पित्या’ म्हणताना काय होतं, हे मला माझ्या खोलीत येऊन सांगतात हो त्या! तुम्हीच मागे सरलात, तर त्यांनी कुणाकडे बघायचं?”

तेही खोटं नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी चष्मा पुसत.

शेवटी ठरलं ते असं – ‘पित्या’ आहे तसंच राहील. महिन्यातून एका रविवारी, एकाच प्रार्थनेत ‘आई’. त्यावर मंडळीचं मत घ्यायचं. पाळकांना हे कमी वाटतं, भाऊजींना जास्त. मला आता काहीच वाटत नाही. शब्दांवर इतकं बोललोय, की प्रार्थना म्हणून एक शब्द तोंडातून निघत नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. अंगात कणकण नव्हती, पाहुणे नव्हते. नुसतीच गेले नाही. पडदे धुतले.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

भाऊजींनी मुलाच्या हाती आमचं जेवणाचं टेबल परत पाठवलं. मी मागे केव्हातरी त्याचा पाय हलतो म्हटलं होतं, ते नेऊन दुरुस्त केलं! चिठ्ठी नाही, निरोप नाही. वैर करायचं तर नीट करावं ना माणसाने.

रविवार, २९ सप्टेंबर

मत झालं. हात वर करून.

बंधुभगिनी, लेकरं, ‘माझा विश्वास आहे’ – सगळं पास. मग ‘आई’. त्याच्या बाजूचे हात मोजले. विरोधातले मोजायला लागले, तेव्हा भाऊजींनी दोन्ही हात वर केले. “आमच्या घरची दोन.”

जाऊबाई उभ्या राहिल्या. बाक करकरलं.

“एक,” त्या म्हणाल्या. “तुमचं एक. माझं मी देते.”

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. भाऊजींचा एक हात हळूहळू खाली आला. पाळकांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार. मग जाऊबाईंनी आपला हात वर केला –

विरोधात!

एका मताने हरलो.

बाहेर मी त्यांना गाठलं. “वहिनी, असं का?”

“माझा बाप फार चांगला होता गं,” म्हणाल्या. आणि पर्स काखोटीला मारून पुढे निघाल्या. भाऊजी मागून, दोन पावलं अंतर ठेवून.

मला हसू फुटलं. रस्त्यात. एकटीला. किती दिवसांनी!