छप्पन्न पिना आणि अप्पांचं सूत

भवानी पेठ, सोलापूर

ती. गुरुशांतअण्णास महेश्वरीचे शरणार्थ.

तुझी शुगर आणि वहिनींचा गुडघा कसा आहे? इथं सगळे बरे आहेत, एक मी सोडून. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वैरागच्या एसटीनं पाठवतेय. कंडक्टर म्हणाला, "ताई, व्हॉट्सअ‍ॅप न्हाय का?" (तू मला ब्लॉक केलंयस, हे त्याला कशाला सांगू?)

विषय अप्पांच्या व्हिडिओ गेमच्या पेटीचा. तिच्यातला जुना सर्किट बोर्ड दिवाळीत जळाला. गड्डा यात्रा बारा दिवसांवर आली आणि यंदा तिथं आपली पेटी लागली नाही तर आपण जेवणार नाही, असं अप्पांनी जाहीर केलंय (नाश्त्याबद्दल काही बोलले नाहीत). मी पुण्याहून नवा बोर्ड मागवला. तो निघाला जॅमाचा. कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही पेटीत बसावा म्हणून ठरवलेला हा छप्पन्न पिनांचा क्रम, वर अठ्ठावीस, खाली अठ्ठावीस. जगानं तो मानलाय, आपल्या घरानं नाही. दोन वर्षांपूर्वी तू पेटीच्या वायरी ह्याच क्रमानं बसवल्यास, अप्पांनी तुझं सॉकेट कात्रीनं कापलं आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास, तो गेलासच.

अप्पांचा जन्म मागावर गेला. त्यामुळे पेटीतल्या सगळ्या वायरी काळ्या आणि प्रत्येकीला चादरीच्या सुताची गाठ. लाल म्हणजे उजवीकडे, हिरवं म्हणजे उडी, निळं म्हणजे नाणं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय आणि रंग ते दुसऱ्या डोळ्यानं बघतात (नव्या डोळ्याला ताण नको म्हणून!). मी बॅटरी धरून बसते.

"हे निळं."

"अप्पा, हिरवं हाय की ते."

"सूत मी विणलंय का तू?"

परिणाम असा, की नाणं टाकलं की पडद्यावरचा पैलवान उडी मारायचा आणि उडीचं बटण दाबलं की नाणं पडल्याचा आवाज. शेजारच्या चंद्रव्वा मावशींनी ते बटण नव्वद वेळा दाबून नव्वद डाव फुकट मिळवले. आता सकाळीच स्टूल घेऊन येतात आणि "लई मजा हाय गं ह्यात" म्हणत हलत नाहीत. त्यांचा चहा मीच करते.

खूप ओरडावंसं वाटतं रे. पण पेटीत डोकं घालून बसलेल्या अप्पांची वाकलेली पाठ दिसते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. मग त्याचाही वैताग येतो. तू निदान उठून जाऊ शकलास. मी कुठं जाऊ? सोल्डरिंगचं सामान घेऊन एकदा ये.

तुझी, कंटाळलेली,
महेश्वरी

ता. क. वरचं सगळं सोमवारपर्यंतचं. मंगळवारी अप्पांनी सगळं सूत सोडलं. आता एक कागद नव्या डोळ्याजवळ धरून पिना मोजत जोडतात. कागद तुझ्या अक्षरातला आहे. तो त्यांनी कापलेल्या सॉकेटसकट देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवला होता.

ता. क. २. सगळ्या वायरी लागल्या, एक सोळावी सोडून. ती नाण्याची. "ती कुटं जाते ते गुरुशांतलाच ठाऊक," म्हणतात. (कागदावर तिच्याखाली तू लाल शाईनं दोनदा रेघ मारली आहेस.)

ता. क. ३. हे पत्र मी अप्पांच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही, असं शेवटी न विसरता लिही, असं अप्पांनी सांगितलंय.